लेन्समधली मोटर आणि तिची निगा



एखादे यंत्र कुरकुरू लागले की आपला हात आधी तेलाच्या बुधलीकडे जातो. गाडीचा आस वाजला, घाला वंगण. शिवणयंत्र जड चालले, सोडा दोन थेंब. दाराची बिजागरी कुरकुरली, तिलाही तेच औषध. हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे आणि ते काही खोटे नाही. पण आज मी ज्या यंत्राबद्दल बोलणार आहे, त्याला हे औषध पाजले तर ते बरे होण्याऐवजी जागच्या जागी बसते. हे यंत्र म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये दडलेली, फोकस आपोआप जुळवणारी मोटर.

तुम्ही म्हणाल, आमच्या खेड्यात हा विषय कशाला? तर आज तालुक्याच्याच काय, बाजाराच्या गावीही फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईच्या चार महिन्यांत जे मिळेल त्यावर स्टुडिओवाल्याचे वर्ष निघते. काही शाळांतही आता चांगला कॅमेरा आला आहे. एका बऱ्या लेन्सला दुभत्या म्हशीइतके पैसे पडू शकतात. म्हैस आजारी पडली तर आपण चौकशी करतो, जाणत्याला दाखवतो. लेन्सच्या बाबतीत मात्र “गेली वाटतं” म्हणून ती फडक्यात गुंडाळून फडताळात टाकतो, नाहीतर कुणा उत्साही हाताकडून उघडून घेतो. दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी आत काय चालते ते थोडे समजून घेतले पाहिजे.

फोकस म्हणजे काय, हे प्रत्येकाने लहानपणी करून पाहिलेले आहे. उन्हात भिंग धरायचे आणि कागदावरचा ठिपका लहानात लहान होईपर्यंत ते मागेपुढे करायचे. तो ठिपका नेमका झाला की कागद धुमसू लागतो. कॅमेऱ्यातही भिंगे अशीच मागेपुढे सरकतात. पूर्वी हे काम फोटोग्राफरची बोटे करीत. आपोआप फोकस जुळवणारा, बाजारात सर्रास विकला गेलेला पहिला कॅमेरा जपानच्या कोनिका कंपनीने १९७७ साली आणला. पुढे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांत ही सोय करायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, की मोटर ठेवायची कुठे?

मिनोल्टा कंपनीने १९८५ साली ‘७०००’ नावाचा कॅमेरा काढला. त्यात मोटर कॅमेऱ्याच्या अंगात, म्हणजे आपले फोटोग्राफर ज्याला ‘बॉडी’ म्हणतात तिच्यात होती. पेचकसाच्या टोकासारखा एक दांडा बॉडीतून बाहेर येई आणि लेन्समधले दाते फिरवी. निकॉननेही १९८६ च्या ‘एफ-५०१’ मध्ये हीच वाट धरली. कॅननने १९८७ साली ‘ईओएस ६५०’ काढताना मात्र उलटा विचार केला. त्यांनी प्रत्येक लेन्सला तिची स्वतःची मोटर दिली. एकीकडे एका पाटाचे पाणी सगळ्या वाफ्यांना, तर दुसरीकडे दर वाफ्याला स्वतंत्र विहीर, असाच हा प्रकार. पहिल्यात लेन्स साधी राहते. दुसऱ्यात दर लेन्सला तिच्या जोगी मोटर देता येते, पण जितक्या लेन्स तितक्या मोटरी सांभाळाव्या लागतात.

या फरकातून एक नेहमीचा गैरसमज होतो. निकॉनने २००६ साली ‘डी-४०’ हा स्वस्त कॅमेरा काढला. त्याच्या बॉडीत ती मोटर नव्हती. पुढच्या ‘डी-३०००’ आणि ‘डी-५०००’ या मालिकांतही ती नाही. अशा बॉडीवर जुनी, बिनमोटरची लेन्स चढवली तर फोकस आपोआप होत नाही. माणसाला वाटते, लेन्स बिघडली. लेन्स ठणठणीत असते. तिला फिरवणाराच कोणी नसतो. निकॉनने २०१८ साली नव्या ‘झेड’ कॅमेऱ्यांबरोबर दिलेल्या जोडकड्यातही ही मोटर नव्हती. तेव्हा दुरुस्तीचा विचार करण्याआधी आपल्या लेन्समध्ये मोटर आहे का, हे विचारावे.

आता लेन्सच्या आतल्या मोटरींकडे वळू. ढोबळमानाने त्यांच्या तीन जाती समजून घेतल्या म्हणजे आपले काम भागते.

पहिली जात, दात्यांची. मुलांच्या खेळण्यातल्या मोटारीत असते तसली चिमुकली विजेची मोटर आणि तिच्यापुढे बारीक दातेरी चाकांची रांग. कॅननची ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची दुसऱ्या आवृत्तीची लेन्स १९९० ते २०१५ अशी पंचवीस वर्षे खपली. हलकी, प्लॅस्टिकची, स्वस्त; तिच्यात ही व्यवस्था आहे. हिचे दुखणे आवाजावरून कळते. मोटर घुंई करते पण लेन्स हलत नाही, तर दाता तुटलेला किंवा सुटलेला असण्याचा संभव मोठा. अशी लेन्स आपोआप फोकसवर असताना तिचे कडे हाताने जोराने फिरवू नये. बैल एका बाजूला ओढतो आहे आणि आपण गाडी दुसरीकडे ढकलतो आहोत, असे ते होते. खटका आधी हाताच्या फोकसवर न्यावा, मग कडे फिरवावे.

दुसरी जात मोठी मौजेची आहे. तिला अल्ट्रासॉनिक मोटर म्हणतात. कॅनन तिला ‘यूएसएम’ म्हणते, निकॉन ‘सायलेंट वेव्ह’ म्हणते. हिचे मूळ शोधायला आपल्या स्वयंपाकघरातच जाऊ. गॅस पेटवायचा लायटर आपण खटकन दाबतो आणि ठिणगी पडते. पुष्कळ लायटरांत ना सेल असतो, ना गारगोटी. आत एक विशिष्ट स्फटिक असतो. त्याच्यावर ठोका बसला की वीज निर्माण होते. हा गुणधर्म पियरे आणि जॅक क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली दाखवला. त्याच्या उलटही घडते, म्हणजे अशा पदार्थाला वीज दिली की तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. जपानमध्ये तोशिइकु साशिदा यांनी १९८० नंतरच्या वर्षांत या गुणावर चालणारी मोटर विकसित केली आणि १९८७ साली कॅननने ती ३०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये बसवली.

ती चालते कशी? लेन्सच्या आत धातूचे एक कडे असते, त्याच्या एका अंगाला फणीसारखे दाते. दुसऱ्या अंगाला त्या विशेष मातीच्या पातळ चकत्या चिकटवलेल्या. त्यांना वीज दिली की कड्यावरून एक लाट गोल गोल धावू लागते. सेकंदाला सुमारे तीस हजार कंपने. आपल्या कानाला वीस हजारांपलीकडचे ऐकू येत नाही, म्हणून ही मोटर मुकी वाटते. लाटेची उंची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आणि या कड्यावर दुसरे कडे स्प्रिंगने घट्ट दाबून बसवलेले असते. ते फिरते.

शिक्षक बंधूंनी हे मुलांना असे समजावून द्यावे. विहिरीचे काम चालू असते तेव्हा माणसे रांगेत उभी राहून मातीची घमेली वर पोचवतात. कोणी जागचा हलत नाही. हात वर येतो, घमेले पुढे देतो, खाली होऊन परत मागे येतो. तरी घमेले तळापासून काठापर्यंत जाते. त्या कड्याचा प्रत्येक दाता असाच, वर येऊन वरच्या कड्याला किंचित ढकलतो आणि खालून परत येतो. सेकंदाला तीस हजार वेळा. त्या अगणित किंचित ढकलण्यांची बेरीज होऊन लेन्सचे भिंग सरकते.

आता सांगा, त्या रांगेतल्या माणसांचे हात तेलाने माखले तर काय होईल? घमेले निसटेल. इथेही तसेच. ही मोटर चालते ती घर्षणावर. आसाला घर्षण वैरी आहे. इथे घर्षण हाच बैल आहे. म्हणून मी सुरुवातीला म्हटले, की हिला तेलाचा थेंब पाजू नका. लेन्समध्ये वंगण असतेच, पण ते भिंगे सरकवणाऱ्या मळसूत्राला असते, ठरावीक जातीचे आणि अगदी थोडे. बाहेरून सोडलेले तेल झिरपत मोटरच्या कड्यावर गेले की मोटर जागच्या जागी थरथरत राहते. शिवाय ते पडद्याच्या पात्यांवर आणि काचेवर पसरते ते वेगळेच.

या जातीची मोटर मधूनच चिरकते, कधी चालते कधी थांबते, थंड असताना अडते. तिच्या दोन कड्यांमधली पृष्ठे मळली किंवा झिजली, की अशी लक्षणे दिसू लागतात. लेन्स फार दिवस दमट जागी पडून राहिली तर दाबून बसवलेली ती कडी एकमेकांना धरूनही बसतात. तेव्हा कॅमेरा काम नसतानाही महिन्यातून एकदा काढावा, आणि जवळची वस्तू, लांबचे झाड असे आलटून पालटून वीस-पंचवीस वेळा फोकस करावा. बैलाला बांधून ठेवले तर तोही आखडतो.

तिसरी जात अलीकडची. एकीत मोटर ठरावीक पावलापावलाने फिरते. कॅननने २०१२ पासून ती ‘एसटीएम’ नावाने आणली. दुसरीत चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या जोरावर भिंग सरळ मागेपुढे सरकते. आवाज अगदी थोडा, म्हणून चलच्चित्र घ्यायला उत्तम. यातल्या सरळ सरकणाऱ्या जातीची एक खोड लक्षात ठेवा. कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली तर आत काहीतरी खुळखुळते. घाबरू नका. वीज नसल्यामुळे भिंग मोकळे असते. कॅमेरा चालू केला की ते जागेवर उभे राहते. या खुळखुळीसाठी चांगली लेन्स उघडायचे कारण नाही.

मग मोटर खरोखर बिघडली आहे हे ओळखावे कसे? इथे शाळेत शिकवतो तीच रीत: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रथम लेन्सवरचा खटका पाहा. कित्येकदा तो पिशवीत घासून हाताच्या फोकसवर सरकलेला असतो. अंतराची मर्यादा घालणारा दुसरा खटका असेल तर तोही पाहा. भरलेली बॅटरी घाला. लेन्सच्या मागचे सोनेरी ठिपके कोरड्या, मऊ, सुती कापडाने पुसा. खोडरबर घासू नका, त्याचा चुरा आत जातो. उजेडात, ठळक काळ्या-पांढऱ्या अक्षरांवर फोकस करून पाहा. कोऱ्या भिंतीवर चांगली लेन्सही चाचपडते. एवढे करून भागले नाही तर अदलाबदल करा. आपली लेन्स मित्राच्या बॉडीवर, मित्राची लेन्स आपल्या बॉडीवर. दोष लेन्सबरोबर गेला तर लेन्सचा, बॉडीबरोबर राहिला तर बॉडीचा. आणि मोटर झपाट्याने चालते, पण फोकस नेहमी थोडा पुढे किंवा थोडा मागे लागतो, असे असेल तर तो मोटरचा दोष नव्हे, जुळणीचा आहे. त्यासाठी मोटर बदलून पैसे घालवू नका.

लेन्स मधल्याच एखाद्या ठिकाणी अडत असेल, किंवा झूम एका विशिष्ट जागी आणले की संदेशच येत असेल, तर आतली चपटी, फितीसारखी वायर तडकलेली असण्याचा संभव असतो. लेन्स मागेपुढे होताना ती हजारो वेळा दुमडते आणि एक दिवस तुटते. मोटर तेव्हा चांगली असते. तिच्यापर्यंत निरोप पोचत नाही इतकेच.

दुरुस्तीला देताना चार गोष्टी विचाराव्यात. नेमका कोणता भाग गेला? तो सुटा मिळतो की सगळा संच बदलावा लागतो? बदलल्यावर फोकसची जुळणी तपासून देणार का? आणि जुना भाग परत देणार का? शहाणा कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. दात्यांच्या मोटरीत मोटर किंवा चाक बदलणे तुलनेने सोपे. अल्ट्रासॉनिक मोटरीत बहुधा सगळा संच बदलतात. संच स्वस्त लेन्सला परवडत नाही, महाग लेन्सला परवडतो. दुरुस्तीचा खर्च त्याच जातीच्या चांगल्या जुन्या लेन्सच्या निम्म्या किमतीवर जाऊ लागला की मी तरी थांबून विचार करीन.

घरी उघडण्याचा मोह होणाऱ्या तरुणांना दोन सूचना. जपानी लेन्सचे बारीक स्क्रू आपल्या बाजारातल्या नेहमीच्या चौफुली पेचकसाला नीट बसत नाहीत. खाच घसरली की तो स्क्रू पुन्हा निघणे कठीण. आणि फ्लॅश असलेला कॅमेरा मात्र मुळीच उघडू नका. त्याच्या आत सुमारे ३०० व्होल्ट साठवणारा भाग असतो, आणि बॅटरी काढल्यावरही तो झटका देतो. वर्गात मुलांपुढे तर हा प्रयोग नकोच.

आता आपल्याकडच्या हवेविषयी. कोकणात पावसाळ्यात आणि जेजुरीला भंडाऱ्यात, जोतिबाला गुलालात काम करणाऱ्यांनी हे खास ध्यानात घ्यावे. हळदीची नि गुलालाची भुकटी अतिशय बारीक असते आणि लेन्सच्या सरकत्या नळीतून आत शिरते. गर्दीत लेन्स बदलू नये. लेन्सवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालावे. घरी आल्यावर कडे फिरवण्याआधी रबरी फुग्याने वारा मारून धूळ उडवावी. आधी कडे फिरवले तर धूळ आत ओढली जाते. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पुडीतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते वाळवून घ्यावेत. बुरशी काचेला लागते, पण तीच ओल मोटरलाही नडते.

शेवटचा मुद्दा जुनी लेन्स विकत घेण्याचा. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ साली नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या मालिका सुरू केल्या. तेव्हापासून आधीच्या पद्धतीच्या चांगल्या लेन्स जुन्या बाजारात येत आहेत, आणि बेताच्या भांडवलावर धंदा करणाऱ्याला ती संधी आहे. पण उत्पादन थांबल्यावर काही वर्षांनी कंपनी सुटे भाग देणेही थांबवते. म्हणून घेण्याआधी विचारावे, या मोटरचा संच अजून मिळतो का? लेन्स आपल्या बॉडीवर चढवून वर आभाळाकडे आणि खाली जमिनीकडे धरून फोकस करून पाहावा. भिंगाचे वजन ओढताना अशक्त मोटर उघडी पडते.

आणि एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मोटर मेली तर ही लेन्स जगेल का? दात्यांच्या जातीत आणि अल्ट्रासॉनिक जातीच्या बहुतेक लेन्समध्ये कडे आणि भिंग यांची गाठ प्रत्यक्ष असते. मोटर गेली तरी हाताने फोकस करता येतो. नव्या जातीत मात्र हाताचे कडे फिरवले की केवळ मोटरला विजेचा निरोप जातो. मोटर गेली की हातही गेला, आणि उरतो तो काचेचा नळकांडा. नवी जात वाईट, असे मी म्हणत नाही. ती जलद आहे आणि आवाज करीत नाही. पण जिच्यावर घर चालते अशा माणसाने एखादी तरी हाताने चालणारी लेन्स पिशवीत बाळगावी.

कारण मोटर बंद पडते ती निवांत दुपारी पडेलच असे नाही. अंतरपाट दूर होतो, माळा पडतात, आणि तो क्षण पुन्हा येत नाही. अशा वेळी लेन्सशी झटापट करीत बसू नका. खटका हाताच्या फोकसवर न्या. ३५ मिलिमीटरची लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरवर असेल तर छिद्र एफ ८ ठेवा, अंतर ३ मीटरवर लावा. साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. उजेड कमी असेल तर फ्लॅश वापरा. आरशाच्या कॅमेऱ्यात हाताने फोकस करतानाही, फोकस जुळला की आत खूण लागते. तिच्याकडे लक्ष ठेवा. आणि हे लग्नमांडवात शिकायचे नसते. सणाच्या दिवशी घरच्या मुलांवर सराव करावा. मोटर चांगली असतानाच हात तयार ठेवावा.

श्रोतेहो, यंत्राची निगा म्हणजे दर वेळी तेल नव्हे, की दर वेळी पेचकसही नव्हे. ते कशाच्या जोरावर चालते, हे विचारणे ही निगेची पहिली पायरी. आस घर्षण टाळून चालतो, ही मोटर घर्षणाला धरून चालते. दोघांनाही आपल्या हाताची गरज आहे, पण दोघांना एकच औषध चालत नाही. एवढे आज लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.